दोन नवलाचे पतंग

पावसाळ्याचे दिवस असावेत, बाहेर काळोख दाटलेला असावा आणि ओसरीवर दिवा लागलेला असावा. अशा वेळी कोठून तरी एखादा पतंग येतो आणि दिव्याभोवती घिरट्या घालू लागतो. आपल्या काव्यात आणि बोलण्यातही पतंग भेटतो तो बहुधा याच रूपात. दिव्याच्या ज्योतीवर भाळून स्वतःला जाळून घेणारा एक वेडा जीव, अशी त्याची ख्याती आहे. परंतु पतंगाचे खरे जीवन दिव्यापाशी नसतेच. ते असते दूर रानात, झाडांच्या पानांत आणि रात्री उमलणाऱ्या फुलांत. तेथे तो काय खातो, कसा वाढतो, कशासाठी धडपडतो हे पाहू लागले म्हणजे या लहानशा जीवाविषयी मनात कौतुक दाटून येते.

जगात पतंगांच्या सुमारे १,६०,००० जाती ज्ञात आहेत. फुलपाखरे ही पतंगांचीच भावंडे होत. बहुतेक फुलपाखरे दिवसा उन्हात बागडतात, तर बहुतेक पतंग रात्री संचार करतात. फुलपाखराच्या डोक्यावरील शृंगिकांच्या टोकाला बारीक गाठ असते. पतंगाच्या शृंगिका पिसासारख्या अथवा दोऱ्यासारख्या असतात. जीवनक्रम मात्र दोघांचाही सारखाच. अंड्यातून अळी बाहेर पडते, अळी वाढून कोशात जाते आणि कोशातून पंख असलेला कीटक प्रकट होतो. खाणे आणि वाढणे हे अळीचे काम. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे हे पंखवाल्या कीटकाचे काम.

हे काम साधण्याच्या तऱ्हा मात्र नाना प्रकारच्या आहेत. त्यांपैकी दोन तऱ्हा एकमेकींच्या अगदी उलट टोकाच्या आहेत. एका पतंगाला खाण्यासाठी तोंडच नाही. दुसऱ्याची सोंड त्याच्या स्वतःच्या शरीराहून कितीतरी लांब आहे. पहिला आहे ॲटलस पतंग आणि दुसरा आहे मादागास्कर बेटावरील ससाणा-पतंग.

ॲटलस पतंग हा जगातील सर्वांत मोठ्या पतंगांपैकी एक आहे. पंख पसरले असता या टोकापासून त्या टोकापर्यंत तो सुमारे २४ सेंटीमीटर, म्हणजे चांगला वीतभर भरतो. भारत, दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातील उष्ण अरण्ये हे त्याचे घर होय. दक्षिण भारत व श्रीलंका येथे त्याची अगदी जवळची एक जात राहते. सह्याद्रीच्या पावसाळी रानात आणि कोकणातील वाड्यांतून असा भला मोठा पतंग कधीकधी भिंतीवर येऊन बसतो आणि तो पाहण्यासाठी सारी वाडी लोटते.

त्याचे पंख तांबूस तपकिरी रंगाचे असून त्यांवर पांढऱ्या, काळ्या व गुलाबी रेषांची नक्षी असते. प्रत्येक पंखाच्या मध्यभागी एक त्रिकोणी जागा खवल्यांवाचून मोकळी असते. ती अभ्रकाच्या तुकड्यासारखी अर्धवट पारदर्शक दिसते. सर्वांत मोठे नवल आहे ते पुढच्या पंखांच्या टोकांशी. तेथे पंख किंचित वाकडे होऊन त्यांवर डोळ्यासारखा एक ठिपका उमटलेला असतो. बाजूने पाहिले तर ते टोक हुबेहूब सापाच्या डोक्यासारखे भासते. हाँगकाँगकडील कँटोनी भाषेत तर या पतंगाला ‘सर्पशीर्ष पतंग’ असेच म्हणतात. पक्षी वा सरडा जवळ आला म्हणजे हे नकली सर्पशीर्ष त्याला बिचकवीत असावे, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते.

एवढा मोठा देह, परंतु त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले तर तेथे खाण्यापिण्याजोगे काहीच आढळत नाही. सोंड असते ती नाममात्र, वाळून गेलेल्या देठासारखी. तिने फुलातील मधुरस शोषता येत नाही. कोशातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत हा पतंग अन्नाचा कणही घेत नाही. त्याचे पंखधारी आयुष्य असते एक-दोन आठवड्यांचे, आणि तो सारा काळ तो निराहार असतो.

मग तो जगतो कशावर? याचे उत्तर त्याच्या बाळपणात आहे. मादी पानांच्या खालच्या बाजूस बारीक, गोल अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या अतिशय खादाड असतात. दालचिनी, पेरू, लिंबू अशा अनेक झाडांची पाने त्या रात्रंदिवस कुरतडतात. वाढता वाढता अळी ११ सेंटीमीटरांपर्यंत लांब आणि बोटाएवढी जाड होते. तिच्या अंगावर पांढरी, मेणासारखी भुकटी असते. मुंग्यांनी अथवा सरड्याने त्रास दिला तर ती उग्र वासाचा द्रव फवारून त्यांना पळवून लावते. ती खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग चरबीच्या रूपाने अंगात साठवीत जाते. ही चरबी म्हणजे पुढील प्रवासाची शिदोरीच होय. पुरेशी वाढ झाली की ती पानांच्या आधाराने रेशमी धाग्यांचा कोश विणते आणि त्यात स्वतःला कोंडून घेते. सुमारे महिन्याभराने त्यातून पतंग बाहेर येतो. बाहेर येतो तो शिदोरी बरोबर घेऊनच. नवी शिदोरी त्याला कोठेही मिळणार नसते.

शिदोरी मोजकी असल्यामुळे तो तिचा काटकसरीने उपयोग करतो. मादी कोशापासून फारशी दूर जात नाही. तेथेच एखाद्या फांदीवर बसून ती आपल्या पोटाच्या टोकातून एक सूक्ष्म गंध हवेत सोडते. माणसाच्या नाकाला तो गंध जाणवत नाही. नराच्या शृंगिका मात्र नेच्याच्या पानासारख्या रुंद व केसाळ असतात. वाऱ्यावरून वाहत आलेले त्या गंधाचे कण त्या शृंगिका टिपून घेतात, आणि नर गंधाच्या मागाने मादीपर्यंत येऊन पोहोचतो. मीलनानंतर मादी अंडी घालते, आणि थोड्याच दिवसांत दोघांचेही आयुष्य संपते.

विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा या जिल्ह्यांतील मुलांना अशा पतंगाची ओळख करून देण्याची गरज नाही. तेथे ऐन व अर्जुन या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात. टसरचा पतंग हा ॲटलसच्याच कुळातील असून तोही पंख फुटल्यावर काही खात नाही. टसरचे वस्त्र ज्या धाग्याने विणले जाते, तो धागाही त्या अळीने पाने खाऊनच मिळविलेला असतो.

आता दुसऱ्या पतंगाकडे वळू. त्याची कथा मात्र पतंगापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका फुलापासून.

आफ्रिकेच्या पूर्वेस, हिंदी महासागरात, मादागास्कर नावाचे प्रचंड बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या रानात झाडांच्या फांद्यांवर एक ऑर्किड वाढते. आपल्या सह्याद्रीत झाडांवर फुलणारी ‘सीतेची वेणी’ हीदेखील ऑर्किडच्याच कुळातील होय. मादागास्करच्या त्या ऑर्किडचे फूल शुभ्र, मेणासारखे तुकतुकीत आणि चांदणीच्या आकाराचे असते. रात्री त्याला गोड सुगंध येतो. फुलाच्या मागील बाजूस एक हिरवट नळी लोंबत असते. ती सुमारे एक फूट लांब असते, आणि मधुरस साठतो तो नळीच्या अगदी तळाशी, शेवटच्या दीड इंचात. या नळीवरूनच शास्त्रज्ञांनी त्या ऑर्किडला ‘सेस्क्विपेडाले’, म्हणजे ‘दीड फुटाचे’, असे काहीसे अतिशयोक्तीचे नाव दिले आहे.

इ. स. १८६२ च्या जानेवारीत इंग्लंडातील जेम्स बेटमन या ऑर्किडप्रेमी गृहस्थाने काही फुले चार्ल्स डार्विन या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाकडे पाठविली. त्यांत हे फूलही होते. ती लांबलचक नळी पाहून डार्विन थक्क झाला. वनस्पती आपला मधुरस उगीच निर्माण करीत नाही. कीटकाने यावे, रस प्यावा आणि जाताना परागकण दुसऱ्या फुलावर न्यावेत, यासाठी तो असतो, हे त्याला ठाऊक होते. मग इतक्या खोल जागी ठेवलेला रस पिणार तरी कोण?

डार्विनने प्रयोग करून पाहिला. त्याने पतंगाच्या सोंडेएवढी जाड काडी नळीच्या मुखातून आत सारली आणि हलकेच बाहेर ओढली. तेव्हा परागांच्या पुंजक्या काडीला चिकटून बाहेर आल्या. यावरून त्याने अनुमान काढले की, या फुलाचा मधुरस पिणारा एखादा मोठा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे, आणि त्याची सोंड दहा-अकरा इंच लांब असली पाहिजे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ऑर्किडविषयक ग्रंथात त्याने हे अनुमान मांडले.

वीतभराहून लांब सोंडेचा पतंग! काही कीटकशास्त्रज्ञांनी या कल्पनेची थट्टा केली. असा पतंग मादागास्करमध्ये कोणी पाहिलाच नव्हता. परंतु आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या थोर निसर्गशास्त्रज्ञाला डार्विनचे म्हणणे पटले. त्याने लंडनच्या संग्रहालयातील ससाणा-पतंगांच्या सोंडा मोजल्या. दक्षिण अमेरिकेतील एका पतंगाची सोंड सव्वानऊ इंच भरली आणि आफ्रिकेतील एकाची साडेसात इंच. तेव्हा १८६७ मध्ये त्याने लिहिले की, मादागास्करला जाणाऱ्यांनी हा पतंग निःशंकपणे शोधावा. आकाशातील नेपच्यून ग्रह गणिताने आधी वर्तविला गेला आणि १८४६ मध्ये दुर्बिणीतून दिसला. तसेच या पतंगाचे होईल, असा त्याला विश्वास होता.

आणि तसेच झाले. १९०३ मध्ये वॉल्टर रॉथ्सचाइल्ड व कार्ल जॉर्डन या दोन शास्त्रज्ञांनी मादागास्करमधील एका लांब सोंडेच्या ससाणा-पतंगाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ‘प्रेडिक्टा’ असे नाव दिले. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आधीच वर्तविलेला’ असा आहे. त्या वेळी डार्विनच्या मृत्यूला एकवीस वर्षे झाली होती. तरीही एक गोष्ट उरलीच होती. पतंग सापडला होता, पण तो त्या फुलातून रस पिताना व पराग वाहून नेताना कोणी पाहिला नव्हता. तो पुरावा हाती येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. डार्विनच्या अनुमानानंतर १३० वर्षांनी त्याचे म्हणणे पूर्णपणे सिद्ध झाले. पुढे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी या पतंगाला आफ्रिकेतील त्याच्या भाईबंदांपासून वेगळी, स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्या वेळी मोजलेल्या सर्वांत लांब सोंडेची लांबी २८.५ सेंटीमीटर भरली.

ससाणा-पतंग हे कुळ आपल्याकडेही आहे. तिळाच्या शेतात जाड, शेपटाशी शिंग असलेली अळी दिसते. तिचा पतंग याच कुळातला. या पतंगांचे शरीर निमुळते, पंख अरुंद व बळकट आणि उड्डाण वेगवान असते. सायंकाळी बागेतील फुलांपुढे ते हवेतच स्थिर राहून रस पितात. मादागास्करचा पतंगही असाच फुलापुढे तरंगतो. एरवी त्याची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली असते. फुलाजवळ येताच ती उलगडते आणि त्या लांब नळीत शिरते. रस तळाशी असल्यामुळे पतंगाला आपले डोके फुलात थेट दडपावे लागते. तेवढ्यात परागांच्या पुंजक्या त्याच्या सोंडेच्या मुळाशी चिकटतात, आणि तो दुसऱ्या फुलावर गेला म्हणजे तेथे उतरतात. अशा रीतीने फुलाला बी धरते आणि पतंगाला अन्न मिळते.

नळी आणि सोंड इतक्या लांब कशा झाल्या असतील? डार्विनच्या मते हे काम हजारो पिढ्यांचे आहे. ज्या फुलाची नळी आखूड, त्यातील रस पतंग दुरूनच पिऊन जाई. त्याचे डोके फुलाला लागत नसे आणि पराग चिकटत नसत. म्हणून लांब नळीच्या फुलांना बी अधिक धरू लागले. उलट, ज्या पतंगाची सोंड लांब, त्याला रस अधिक मिळे व त्याची संतती अधिक वाढे. नळीने सोंडेला लांब केले आणि सोंडेने नळीला. फुलात दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून दूर राहण्यासाठीही लांब सोंड उपयोगी पडली असावी, असेही काही संशोधकांना वाटते.

आता हे दोन पतंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ॲटलस विस्ताराने प्रचंड, पण त्याचे उड्डाण संथ. ससाणा-पतंग त्याहून लहान, पण वेगवान. ॲटलसची अळी झाडावर रेशमी कोश विणते. ससाणा-पतंगाच्या कुळातील बहुतेक अळ्या मातीत किंवा पाचोळ्यात शिरून कोशावस्था काढतात. ॲटलस बाळपणीच्या शिदोरीवर उरलेले आयुष्य निभावतो. ससाणा-पतंगाला आपल्या वेगवान पंखांसाठी मधुरस मिळवावा लागतो. एकाला तोंड नाही म्हणून तो अपुरा नव्हे, आणि दुसऱ्याची सोंड वीतभराहून लांब म्हणून ती निरर्थक नव्हे. ॲटलसचे तोंड का नाही, हे समजण्यासाठी त्याच्या अळीने खाल्लेली पाने पाहावी लागतात. ससाणा-पतंगाची सोंड एवढी लांब का, हे समजण्यासाठी ऑर्किडचे फूल पाहावे लागते. कोणताही जीव एकट्याने समजत नाही; ज्याच्या आधारावर तो जगतो, त्याच्यासह त्याला पाहिले म्हणजेच तो समजतो.

म्हणूनच या पतंगांवर येणारे संकटही केवळ त्यांचे नसते. मादागास्करमध्ये आपल्याकडील कुमरी शेतीप्रमाणे रान जाळून भातशेती करतात, कोळशासाठी झाडे तोडतात; त्यामुळे तेथील अरण्य फार कमी झाले आहे. रान गेले तर ऑर्किडला आधार देणारी फांदी जाईल. पतंग गेला तर फुले उमलतील, सुगंध दरवळेल, नळीच्या तळाशी रसही साठेल. पण तो पिण्यास कोणी येणार नाही, आणि त्या फुलांना बी धरणार नाही. दोघांनी मिळून हजारो पिढ्यांत जे साधले, ते एका पिढीच्या कुऱ्हाडीने नाहीसे होऊ शकते.

ॲटलसला दुसराही एक धोका आहे, आणि तो आपल्या ओसरीवरचा आहे. पतंग दिव्यावर भाळतो ही कविकल्पना सुंदर असली, तरी खरे कारण वेगळेच आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उडणाऱ्या कीटकांच्या हालचाली बारकाईने टिपण्यात आल्या. उडताना हे कीटक आपली पाठ उजेडाच्या दिशेस ठेवतात, असे त्यात आढळले. रात्री जमिनीपेक्षा आकाश उजळ असते, म्हणून रानात या सवयीमुळे त्यांना वर-खाली बरोबर कळते. दिव्याजवळ मात्र हीच सवय त्यांना फसविते. दिव्याकडे पाठ करता करता ते गरगर फिरत राहतात आणि त्यातून सुटू शकत नाहीत. फुलावर जाणारा पतंग सुटला तर पुन्हा रस पिऊन ताजातवाना होईल. परंतु ॲटलसची शिदोरी एकदा सरली की सरली. दिव्याभोवती गेलेली रात्र त्याला परत मिळत नाही. त्या रात्री रानात कोठेतरी मादी गंध सोडीत वाट पाहत असते.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी दिव्याखालच्या भिंतीवर असा मोठा पतंग बसलेला दिसला, तर त्याला चिमटीत धरू नये. पंखांवरील नाजूक खवले बोटांना लागून निघून येतात. रात्री विनाकारण जळणारा ओसरीवरचा दिवा मालवावा. अंधार हे पतंगाचे अंगण आहे. ते त्याला मोकळे करून दिले, तर तो आपल्या वाटेने आपल्या कामाला निघून जाईल.